विपुल

मी टाके घालते.
गवताच्या काडीला तीन, जाड देठाला पाच,
पाकळीला कधीच नाही. पाकळीला डिंक.
बत्तीस वर्षं झाली.
संग्रहालयातल्या डांबरगोळ्यांचा वास आता माझ्याच पदराला.
नवरा म्हणायचा, तू घरात शिरलीस की झुरळं निघतात.

मंगळवारी पत्र्याच्या एका पेटीत
वर्तमानपत्राच्या घडीत खरपुडी निघाली.
घडीवर धुण्याच्या साबणाची जाहिरात,
वेल चहाच्या रंगाची,
फूल मात्र तसंच, विझवून ठेवलेल्या कंदिलासारखं.
भिंगातून पाहिलं तर आत एक चिलट.
फूल त्याला एक दिवस कोंडतं,
पराग अंगाला लागले की केस सुकतात, दार उघडतं.
उद्या सुटलं असतं.
त्याआधी कोणीतरी कागद मिटला.

चिठ्ठीवर उपासनींचं अक्षर, शाई तांबूस:
हनुमान टेकडी, पश्चिम उतार. ९ ऑगस्ट १९५८.
आणि शेऱ्यात एकच शब्द,
विपुल.

मी त्या शब्दापाशी अडले.
हा शब्द शेवटचा कुठे ऐकला, आठवेना.
आमच्या इमारतीत एक विपुल शहा राहतो,
तेवढाच.

तीन रविवार टेकडी चढले.
कानात गाणी घालून चालणारे, रेनकोट घातलेली कुत्री,
आणि सगळीकडे उंदीरमारी,
कुणाला तरी कधीतरी लवकर हिरवं हवं होतं म्हणून लावलेली;
तिच्याखाली गवतही बिचकून उगवतं.
सोनकी दिसली, काळी मुसळी दिसली,
कातळावर शेवाळाला चिकटून एक इवलीशी जांभळी,
जिचं नाव मला त्या क्षणी आठवलं नाही आणि लाज वाटली.
खरपुडी नाही.

जनवाडीच्या ठकूबाई ढेबे शेळ्या घेऊन बसल्या होत्या.
फोटो दाखवला.
"ही व्हय? खाल्लीय की. काकडीवानी लागती.
आई म्हणायची, अर्धा कंद मातीला ठिवावा.
आम्ही पोरं. ठिवतोय कुठला?"
त्या हसल्या. मला हसता आलं नाही,
कारण उपासनींच्या कागदावरही कंद आहे,
अख्खा, मुळांसकट, पाच टाक्यांची जागा सोडून.
विपुल होती ना.

मग ती दिसली.
शनिवारी, ऊन कलताना,
चुन्याने आखलेल्या वर्तुळाच्या बरोबर मध्यभागी.
खड्डा क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
रविवारी दोनशे जण यायचे होते एकसारख्या टी-शर्टांत,
हातात कडुलिंबाची रोपं,
मनात काही वाईट नाही;
माळ रिकामा दिसतो, एवढंच.

मी चपलेने चुना पुसला.
मूठभर उचलून दोन हात पलीकडे,
जिथे नुसता कातळ आहे तिथे, नवं वर्तुळ काढलं.
वाकडंतिकडं झालं. एकशे सत्तेचाळीस लिहिलं.
वनखात्याचा पोरगा खालून ओरडला,
"ताई, काय करताय तिथं?"
"कानातलं पडलंय," म्हटलं.
तोही बिचारा पाच मिनिटं शोधत राहिला,
आणि मी त्याचा पाय कुठे पडतो ते बघत राहिले.

सोमवारी पहाटे गेले.
कातळावर कुदळीचे चार पांढरे ओरखडे.
कडुलिंब कोणीतरी बाजूला टेकवून ठेवलेला.
वेल जागेवर. फूल खाली झुकलेलं.

मी कात्री आणली नव्हती.

दुपारी कोरा कागद घेतला, सुईत दोरा न ओवता.
चिठ्ठी लिहिली आणि १९५८च्या मागे लावली:
खरपुडी.
नमुना घेतला नाही.
ठिकाण: विचारू नये.
शेरा: एक.
चिलट सुटून गेलेलं.